मांजरांचा कच्चा मांसाहार (खानदेश)

पाळीव मांजराला कच्चे मांस, कलेजी-हृदयासारखे अवयव आणि न शिजवलेली मऊ हाडे खाऊ घालण्याची पद्धत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत तिला वेगळे नाव नाही. कोंबडीच्या दुकानातून 'मांजरासाठी' म्हणून मागून आणलेल्या माना, पाय आणि आतडी हेच तिचे इथले नेहमीचे रूप.

खानदेशातल्या खेड्यांत मांजर पाळले गेले ते धान्यासाठी. धाब्याच्या घरातल्या ज्वारी-बाजरीच्या कोठ्या, बाहेर कडब्याची गंज, ओसरीवर रचलेला कापूस, म्हणजे उंदरांना आसरा आणि मांजराला काम. घरची माणसे वाटीत दूध-भाकरी कुस्करून ठेवत, पण मांजराचे खरे पोट भरत असे ते रात्री, उंदीर, पाली आणि चिमण्यांवर. मांजर दूध-भाकरीवर पोसले जाते हा समज त्यातूनच पक्का झाला. शहरातल्या बंद दाराच्या घरात मांजर आले तेव्हा वाटी तशीच राहिली आणि उंदीर मात्र सुटले. आज इथल्या पाळीव मांजरांच्या आहारातल्या बहुतेक उणिवा या बदलातून आल्या आहेत.

मांजर हा मांसाशिवाय जगू न शकणारा प्राणी आहे. मोकाट मांजरांच्या भक्ष्याचा अभ्यास केला असता त्यांना सुमारे ५२ टक्के ऊर्जा प्रथिनांतून, ४६ टक्के मेदातून आणि जेमतेम २ टक्के कर्बोदकांतून मिळते, असे दिसले. गाजरातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व तयार करणे मांजराच्या शरीराला जमत नाही. ते प्राणिज अन्नातूनच मिळावे लागते. टॉरिन हे द्रव्यही त्याला पुरेसे तयार करता येत नाही. टॉरिन कमी पडले की डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. हृदयाचे स्नायू सैल पडून ते फुगते, हे १९८७ मध्ये. त्यामुळे माळकरी घरात मांजराला केवळ शाकाहारावर ठेवणे, हेतू कितीही चांगला असला तरी, त्या जिवावर अन्याय आहे. अशा घरात निदान टॉरिन घातलेले तयार खाद्य तरी आणावे.

कच्च्या आहाराचे समर्थक कॅलिफोर्नियातील डॉक्टर फ्रान्सिस पॉटेंजर यांच्या १९३० च्या दशकातील प्रयोगांचा दाखला देतात. शिजवलेल्या मांसावरची मांजरे पिढीगणिक दुबळी होत गेली आणि कच्च्या मांसावरची धडधाकट राहिली, असे त्यांना आढळले. मात्र मांजराला टॉरिन लागते हे त्या काळी ठाऊकच नव्हते. मांस उकळताना टॉरिन बरेचसे पाण्यात उतरते आणि ते पाणी फेकले की तेही जाते. कच्चेपणाची म्हणून सांगितली जाणारी महती यातून सिद्ध होत नाही.

उंदीर आणि कोंबडीचा तुकडा यांतला फरक इथे कळीचा आहे. उंदरासोबत मांजर हाडे, कलेजी, हृदय, रक्त सगळेच खाते. नुसत्या बोनलेस मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरते असते. मांजराला मात्र दोन्ही जवळपास समप्रमाणात लागतात. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिलांची हाडे इतकी ठिसूळ होतात की ओट्यावरून उडी मारतानाही मोडतात. म्हणून मांसाबरोबर कोंबडीची कच्ची मान किंवा अंड्याच्या टरफलाची बारीक पूड हवी. शिजवलेले हाड कधीही देऊ नये. त्याची टोकदार कुसळे होऊन आतड्यात रुततात. छातीपेक्षा तंगडीच्या मांसात टॉरिन कितीतरी जास्त असते आणि हृदयात ते भरपूर असते. कलेजी मात्र एकूण आहाराच्या वीसाव्या भागापुरतीच द्यावी. मांजर आवडीने खाते म्हणून रोज कलेजीच दिली, तर अ जीवनसत्त्व साठून मानेचे मणके जखडतात. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण १०० ते १५० ग्रॅम मांस पुरते.

तापी-गिरणेच्या काठी आणि धरणांलगत मासे सहज मिळतात. पण कार्प या गोड्या पाण्यातल्या माशांच्या कुळातल्या कच्च्या माशांत थायामिनेज हे विकर असते. ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करते, आणि मग मांजराची मान छातीकडे झुकते, तोल जातो, झटके येतात. हे विकर शिजवल्याने निष्प्रभ होते, म्हणून मासा उकडूनच द्यावा.

खरी अडचण मात्र उन्हाची आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. सकाळी कापलेली कोंबडी दुपारपर्यंत बाहेर राहिली की तिच्यातले साल्मोनेला आणि इतर जिवाणू झपाट्याने वाढतात. मांजर त्यातून निभावून गेले, तरी तेच जिवाणू भांड्यावाटे आणि विष्ठेवाटे घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचतात. फ्रीजरने जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. वीज जाऊन मांस वितळले की पुन्हा वाढू लागतात. गर्भाला घातक ठरू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या मांसातल्या गाठी मात्र उणे १२ अंशांखाली काही दिवस ठेवल्यास सहसा मरतात. घरात गरोदर बाई असेल तर कच्चे मांस देऊच नये आणि मांजराची विष्ठा रोजच्या रोज दुसऱ्या कोणीतरी साफ करावी.

बर्ड फ्लूचा धोका खानदेशाला परका नाही. भारतात कोंबड्यांमधील एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरातच नोंदली गेली. मांजरकुळाला हा विषाणू प्राणघातक ठरतो. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने दगावले. त्यामुळे साथीची बातमी असताना कच्ची कोंबडी पूर्ण बंद ठेवणे, हाच शहाणपणा.

पशुवैद्यकांच्या मोठ्या संघटनांचा कच्च्या आहाराला विरोध आहे, आणि खानदेशच्या हवेत तो रास्त वाटतो. हाडे काढून मांस थोड्या पाण्यात उकळावे, ते पाणी मांसासकट द्यावे आणि टरफलाची पूड मिसळावी. मांसातले बरेचसे गुण त्यात राहतात आणि धोका उरत नाही म्हटले तरी चालेल. वर्षभर केवळ हेच द्यायचे असेल तर टॉरिन आणि जीवनसत्त्वांची जोड पशुवैद्यांना विचारून ठरवावी. काळ्या मसाल्याच्या मटण-रश्श्यातले उरलेले तुकडे मात्र धुऊनही देऊ नयेत. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात आणि रश्श्यात मुरलेल्या मांसातून ते धुतले जात नाहीत. मांजराचा वाटा फोडणीला जाण्याआधीच बाजूला काढावा.