विकर अवरोधक आणि कर्करोगावरील प्रतिरक्षा उपचार

शरीरातील रासायनिक अभिक्रिया घडवून आणणाऱ्या विकरांचे, म्हणजेच एंझाइमांचे, कार्य रोखणाऱ्या पदार्थांना विकर अवरोधक म्हणतात. रोगप्रतिकारक टी-पेशींवरील ‘ब्रेक’ काढून त्यांना कर्कपेशींवर सोडणाऱ्या प्रतिरक्षा उपचाराचा पाया घातल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु या उपचाराचा गुण बऱ्याच रुग्णांना येत नाही, आणि त्याचे एक कारण गाठीभोवतीच्या रासायनिक परिस्थितीत सापडते.

या परिस्थितीचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण आयडीओ या विकराचे आहे. ते ट्रिप्टोफॅन या ॲमिनो आम्लाचे विघटन करून त्यापासून कायन्युरेनिन तयार करते. त्यामुळे टी-पेशींची एकीकडे उपासमार होते आणि दुसरीकडे कायन्युरेनिनमुळे त्या मंदावतात. आईचे शरीर गर्भाला परके मानून नाकारत का नाही, याचा शोध घेताना डेव्हिड मन, अँड्रू मेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून या विकराची संरक्षक भूमिका दाखवली होती. गर्भाला जपणारी हीच युक्ती अर्बुदेही, म्हणजे कर्करोगाच्या गाठीही, वापरतात. आर्जिनेज हे विकर आर्जिनिन हे ॲमिनो आम्ल संपवून, तर सीडी७३ हे विकर ॲडेनोसिन निर्माण करून टी-पेशींना असेच निष्प्रभ करते.

आयडीओ रोखले की प्रतिरक्षा उपचार अधिक परिणामकारक होईल, हा तर्क सरळ होता. मात्र मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या प्रगत अवस्थेतील ७०६ रुग्णांवरील चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिरक्षा उपचाराच्या औषधाला एपॅकॅडोस्टॅट या अवरोधकाची जोड देऊनही रोगाची वाढ अधिक काळ थोपवता आली नाही, हे २०१८ मध्ये जाहीर झाले आणि या क्षेत्रातील उत्साह ओसरला. ट्रिप्टोफॅनचे विघटन टीडीओ हे दुसरे विकरही करते, हे या अपयशाचे एक संभाव्य स्पष्टीकरण दिले जाते. याउलट, अर्बुदाला रक्तवाहिन्या पुरवणाऱ्या संदेशमार्गातील कायनेज विकरे रोखणारे ॲक्सिटिनिब हे औषध पेम्ब्रोलिझुमॅबसह वापरण्यास २०१९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या प्रगत कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

मुंबईच्या दृष्टीने या विषयाला खर्चाची बाजू आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, १९४१ पासून देशभरचे रुग्ण जेथे येतात तेथे, डोके व मानेच्या प्रगत कर्करोगासाठी मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडावाटे घ्यायच्या तीन औषधांचा उपचार रुळला. ही तिन्ही औषधे विकर अवरोधकच आहेत. त्यांपैकी सेलेकॉक्सिब ज्या कॉक्स-२ विकराला रोखते, त्याच्यामुळे बनणारे प्रोस्टाग्लँडिन ई२ हे रसायन टी-पेशींना दडपते. या उपचाराला तीन आठवड्यांतून एकदा अवघ्या २० मिग्रॅ. निव्होलुमॅब या प्रतिरक्षा उपचाराच्या औषधाची जोड दिल्यास काय होते, हे तेथील १५१ रुग्णांच्या चाचणीत पाहिले गेले. नेहमीच्या २४० मिग्रॅ. मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही हे प्रमाण कमी आहे, आणि त्यामुळे औषधाचा खर्चही कमी. एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण केवळ तीन गोळ्या घेणाऱ्या गटात १६.३ टक्के, तर निव्होलुमॅबची जोड मिळालेल्या गटात ४३.४ टक्के होते. तथापि तिन्ही गोळ्या दोन्ही गटांना दिलेल्या असल्यामुळे, या यशात विकर रोखण्याचा वाटा किती, हा प्रश्न त्या चाचणीच्या आखणीतच नव्हता.