अमेरिकन शेअर मागे राहिले, तर इस्टेट टॅक्समधून अंत्यविधीचा खर्च कसा वजा होतो?

अमेरिकन कंपन्यांचे शेअर असलेली माणसं आता पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. कुणाला ते नोकरीत मिळालेले असतात, कुणी ॲपवरून घेतलेले. भारतात इस्टेट ड्युटी, म्हणजे मृताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा कर, १९८५ मध्ये रद्द झाली, त्यामुळे असा माणूस गेल्यावर अमेरिकेत असाच कर, म्हणजे इस्टेट टॅक्स, लागू शकतो हे घरच्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

अमेरिकेचा नागरिक नसलेल्या आणि तिथे कायमचा स्थायिक नसलेल्या माणसाची अमेरिकेतली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असेल, तर इस्टेट टॅक्सचा फॉर्म ७०६-एनए भरावा लागतो. शेअर भारतात बसून घेतले असले, तरी कंपनी अमेरिकन असल्यामुळे ते अमेरिकेतलेच धरतात. मुदत मृत्यूपासून नऊ महिने. फॉर्म ४७६८ भरून आणखी सहा महिने मागता येतात. मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) नेमलेला नसेल, तर मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याने फॉर्म भरायचा. (नागरिकांसाठी आणि तिथे स्थायिक झालेल्यांसाठी फॉर्म ७०६ आहे. त्यांना २०२६ मध्ये दीड कोटी डॉलरपर्यंत सूट असल्याने बहुतेक मराठी कुटुंबांवर ही वेळ येत नाही.)

अंत्यविधी भारतात झाला तरी खर्च वजा होतो, पण पूर्ण नाही. एकूण मालमत्तेत अमेरिकेतल्या मालमत्तेचा जेवढा हिस्सा, तेवढाच खर्च धरतात. समजा, शेअर १,५०,००० डॉलरचे आणि फ्लॅट, ठेवी, सोनं धरून सगळी मालमत्ता ६,००,००० डॉलरची. हिस्सा झाला एक चतुर्थांश. ४,००० डॉलर खर्चातले १,००० वजा होतील आणि कर साधारण ३०० डॉलरनी कमी होईल. त्यासाठी जगभरातली मालमत्ता किमतींसह दाखवावी लागते. नुसत्या ३०० डॉलरसाठी फ्लॅटचं मूल्यांकन करून घेण्यात अर्थ नाही, असं माझं मत आहे. पण गृहकर्ज बाकी असेल, वकिलाची फी मोठी असेल, तर तेही याच हिशेबात वजा होतं आणि मग हा खटाटोप नक्की करावा.

खर्च खरोखर झालेला, वाजवी आणि मृताच्या मालमत्तेतून दिलेला हवा. इथेच बरेच दावे अडकतात. मुलाने स्मशानात स्वतःच्या खिशातून पैसे दिले असतील, तर ते मृताच्या मालमत्तेतून त्याला परत द्यावेत आणि तशी लेखी नोंद ठेवावी. कंपनीने किंवा विम्याने काही भरपाई दिली असेल, तर ती आधी वजा करावी. पार्थिव दुसऱ्या गावाहून किंवा देशातून आणलं असेल, तर तो खर्च आणि सोबत आलेल्या माणसाचं भाडं धरता येतं. दर्शनाला आलेल्या बाकी नातेवाइकांची तिकिटं धरू नयेत. तेराव्याच्या जेवणाचं बिलही मी दाव्यात घालणार नाही.

शववाहिकेची पावती, स्मशानभूमीची पावती, मृत्यू दाखला, मृत्युपत्राची प्रमाणित प्रत आणि पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा एका फाइलमध्ये ठेवावा. मराठी पावत्यांना इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. गुरुजींच्या दक्षिणेची पावती सहसा मिळत नाही, म्हणून रक्कम आणि तारीख लिहून त्यांची सही त्याच दिवशी घ्यावी.

हा खर्च मृताच्या किंवा इस्टेटच्या (मागे राहिलेल्या मालमत्तेच्या) अमेरिकन आयकर विवरणात दाखवता येत नाही, त्याची जागा इस्टेट टॅक्सच्या फॉर्मवरच आहे. अमेरिकन ब्रोकर शेअर वारसांच्या नावावर करण्याआधी आयआरएसचं, म्हणजे अमेरिकन कर खात्याचं, ट्रान्सफर सर्टिफिकेट (मालमत्ता वारसांकडे द्यायला हरकत नसल्याचा दाखला) मागतात. ते यायला वेळ लागतो, तोवर भरलेल्या फॉर्मची आणि प्रत्येक पावतीची प्रत स्वतःकडे असू द्या.