जुम्मा दरवाजा (गांधी गेट), नागपूर

नागपूरच्या महाल भागात, शुक्रवारी तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर असलेला जुन्या नगरकोटाचा दरवाजा. आज तो गांधी गेट या नावाने ओळखला जातो. सभोवतालचा कोट नाहीसा झाल्यामुळे तो आता एखाद्या विजयकमानीसारखा एकटा दिसतो. परंतु विजयकमानीला मुळात दारे नसतात, कारण ती विजयाच्या किंवा एखाद्या मोठ्या प्रसंगाच्या स्मरणासाठी उभारलेली असते, आणि वेस मात्र वेळप्रसंगी बंद करता यावी म्हणूनच बांधलेली असते. मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया हे पहिल्या प्रकारचे बांधकाम, तर जुम्मा दरवाजा दुसऱ्या प्रकारचे.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. त्याचा वारस चांद सुलतान याने गावाला कोट घातला आणि जुम्मा तलाव (म्हणजेच शुक्रवारी तलाव) करविला, असे मानले जाते. पुढे रघूजी भोसले (पहिले) यांनी नागपूर ही आपली राजधानी केली आणि कोटाच्या आतील महाल हा भाग सत्तेचे केंद्र बनला.

अशा वेशीचे सारे बळ कमानीत असते. पाचरीसारखे घडवलेले दगड दोन्ही बाजूंनी चढत जाऊन माथ्यावरच्या कळीच्या दगडाशी एकमेकांना दाबून धरतात, आणि वरचा भार खांबांवर उतरतो. आतल्या बाजूला पहारेकऱ्यांच्या देवड्या (बसण्याच्या जागा), लोखंडी खिळ्यांनी मढवलेली जाड फळ्यांची दारे, ती आतून बंद करणारा लाकडी अडसर आणि रात्री एकट्यादुकट्यासाठी उघडायची दिंडी, म्हणजे मोठ्या दारातले छोटे दार, ही त्या काळच्या दरवाजांची ठरलेली सामग्री होती.

या दरवाजाची खरी परीक्षा १८१७ मध्ये झाली. नोव्हेंबरच्या २६ आणि २७ तारखांना सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली. १६ डिसेंबरला इंग्रज सेनापती डव्हटनच्या फौजेने भोसल्यांच्या सैन्याला शहराबाहेर हरवले आणि नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले. तरीही भोसल्यांच्या चाकरीतील अरब शिपाई शहर सोडायला तयार नव्हते. तोफांचा मारा करून २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला, आणि तो अरबांनी परतवून लावला. राजा शरण गेल्यावरही चाकरांनी एक वेस अशी धरून ठेवावी, ही गोष्ट नागपूरच्या इतिहासात फार मोलाची आहे. सीताबर्डीच्या लढाईपुढे ती झाकोळून जाते, हे योग्य नव्हे. अखेर वाटाघाटी झाल्या आणि शस्त्रे, सामान व कुटुंबे यांसह सुखरूप जाऊ देण्याच्या अटीवर डिसेंबरअखेर अरबांनी शहर रिकामे केले. म्हणजे हा दरवाजा हल्ल्याने पडला नाही, तो तहाने उघडला.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतर शहर कोटाबाहेर पसरत गेले आणि वेशीचे संरक्षक काम उरले नाही.

नावांचा प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. जुम्मा म्हणजे शुक्रवार. त्यामुळे जुम्मा दरवाजाचा शुक्रवारी दरवाजा झाला तो केवळ भाषांतराने, आणि इतवारी, बुधवारी, मंगळवारी अशी वारांची नावे मिरवणाऱ्या शहरात ते नाव सहज रुळले. गांधीजींचे नाव नंतर दरवाजाला आणि तलावालाही मिळाले. तलाव गांधीसागर झाला, तरी जुन्या नागपूरकरांच्या तोंडी तो अजून शुक्रवारी तलावच आहे. दरवाजाजवळ छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा असून शिवजयंतीला तेथे नागरिकांची गर्दी होते.