खान्देशातलं भंगार आणि तिथवर न पोचलेला सहकार

घरात, ओट्यावर, लग्नाच्या मांडवात अंथरतात ती रंगीत प्लास्टिकची चटई अनेकदा जळगावची असते. इथल्या औद्योगिक वसाहतीतले चटईचे कारखाने मोठ्या प्रमाणात जुन्या प्लास्टिकवर चालतात. फुटक्या खुर्च्या, डबे, विरलेल्या चटया निवडायच्या, धुवायच्या, दळायच्या. मग तो भुगा वितळवून त्याचा दाणा करायचा आणि दाण्यापासून पोकळ धागा ओढून मागावर चढवायचा. ‘हरित उद्योग’ हा शब्द कानावर येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे.

टाकाऊ मालातून धंदा उभा करण्याची सवय या मुलखाला जुनी आहे. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचंच पुढे विप्रो झालं. तेल काढताना जे उरायचं त्यातून तिथे कपडे धुण्याचा ‘७८७’ साबण बनायचा. जळगावचे उद्योजक भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये बंद पडायला आलेला केळीच्या भुकटीचा कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पेपेन हे विकर (एन्झाइम) काढायला सुरुवात केली. गावागावात तर उकिरड्याचं खत पावसाळ्याआधी शेतात जाई, जुन्या लुगड्यांची गोधडी होई आणि उरलेले कपडे बोहारीण भांडी देऊन नेई. टाकायला फारसं काही उरतच नसे.

प्लास्टिक आलं आणि हे गणित मोडलं. खान्देशात ते शहरापुरतं राहिलं नाही, शेतातही आलं. केळी आणि कापसासाठी ठिबक आलं, पाणी वाचलं, आणि काही वर्षांनी खराब झालेल्या नळ्यांची भेंडोळी बांधावर साचू लागली. या नळ्यांना भंगारात भाव आहे, म्हणून त्या उचलल्या जातात. मल्चिंगच्या, म्हणजे पिकाभोवतीची माती झाकणाऱ्या, पातळ प्लास्टिक कागदाला मात्र माती चिकटलेली असते. तो धुण्याचा खर्च परवडत नाही, म्हणून तो बांधावरच जळतो. काय गोळा होणार आणि काय धुरात जाणार, हे कायद्याआधी भंगाराचा भाव ठरवतो.

शहरांची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. शहरांतल्या कचऱ्याबद्दल अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर २००० साली घनकचऱ्याचे नियम आले. प्रक्रियेची व्यवस्था उभी करायला २००३ अखेरपर्यंतची मुदत होती, आणि त्याच २००३ साली जळगाव व धुळे या महापालिका झाल्या. नव्या महापालिकांना कचऱ्याचा प्रश्न पाळण्यातच मिळाला. जळगावचा कचरा आव्हाणे शिवारात आणि धुळ्याचा वरखेडी रस्त्याला साचत गेला. ढिगाला आग लागली की धूर आसपासच्या वस्तीत शिरतो. तो ज्यांनी सोसला, त्यांना ‘डेपो’ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

या सगळ्या काळात सुकं प्लास्टिक खरोखर वेगळं केलं ते कचरा वेचणाऱ्यांनी, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा माल छोट्या भंगारवाल्याकडे जातो, तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे, मग दळणाऱ्याकडे, आणि शेवटी कारखान्यात. माल ओला आहे, मळका आहे म्हणून वजनात कपात होते. ज्याच्याकडून उचल घेतली त्यालाच माल घालावा लागतो, मग भाव विचारायची सोय उरत नाही.

पुण्यात ही साखळी मोडण्याचा प्रयत्न झाला. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणं हे श्रम आहे, हा तिचा पहिला आग्रह होता. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करू लागली. घरटी शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, दोन्हीचे पैसे सभासदांच्या हाती येतात. देशाच्या २०१६ च्या नियमांनी तर कचरावेचकांना आणि त्यांच्या संघटनांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली.

सहकार खान्देशाला शिकवावा लागत नाही. रावेर-यावलच्या शेतकऱ्यांनी फळविक्री संस्था काढून केळी रेल्वेच्या वॅगनींतून दिल्लीला पाठवली. दूध संघ, साखर कारखाने, सूतगिरण्या झाल्या. पण या सहकाराचा सभासद व्हायला शेत लागायचं, नाहीतर गोठा. ज्याच्याजवळ फक्त पोतं होतं तो बाहेर राहिला. आपल्या सहकाराची ही मोठी चूक आहे असं मला वाटतं, आणि ती दुरुस्त करायला उशीर झाला आहे.

जळगावात एक मोठी सोय आहे: माल घेणारा कारखाना त्याच शहरात आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतले दहा जण संस्था नोंदवू शकतात. अशी संस्था कचरावेचकांची निघावी. महापालिकेने तिला शेड, वीज आणि ओळखपत्रं द्यावीत, संस्थेचा स्वतःचा वजनकाटा असावा, आणि चटई कारखानदारांनी निवडलेला, धुतलेला माल थेट तिच्याकडून ठरल्या भावाने घ्यावा. माल दळायचं यंत्र दुसऱ्या टप्प्यात घेता येईल, सुरुवात काट्यापासून व्हायला हवी.