वाघ बघायला आलेला पैसा कुठे जातो?

नागपूरला विमानातून उतरणारे कितीतरी पर्यटक शहरात थांबतच नाहीत. गाडी थेट पेंच, ताडोबा नाहीतर उमरेड-कऱ्हांडल्याच्या वाटेला लागते. त्यांच्या खर्चाने देशाचं उत्पन्न वाढतं. पण त्यातला किती पैसा जंगलालगतच्या गावात राहतो? बुकिंगचं कमिशन बाहेर जातं, रिसॉर्टचा मालक बहुधा बाहेरचा, भाजीपालाही अनेकदा शहरातून येतो. अर्थशास्त्रात याला ‘गळती’ म्हणतात. गाईडचं मानधन मात्र गावच्या किराणा दुकानात, शिलाई करणाऱ्या बाईकडे खर्च होतं आणि तिथेच आणखी दोन-चार हातांतून फिरतं. ज्या घरात यातलं काहीच पोचत नाही, त्या घरासाठी वाघ म्हणजे फक्त मारलेला बैल. त्या घराने वाघ का जपावा?

वाघालाही पर्यटनाची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजता येते. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगडमधल्या वाघांची विष्ठा तपासली. ताण आला की शरीरात ग्लुकोकॉर्टिकॉइड संप्रेरकं वाढतात आणि त्यांचे अंश विष्ठेत सापडतात. वाघाला हात लावायची गरजच नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पर्यटनाच्या हंगामात हे प्रमाण जास्त आढळलं आणि गाड्यांच्या संख्येशी त्याचा संबंध दिसला. असा ताण दीर्घकाळ राहिला तर प्रजननावर परिणाम होऊ शकतो. म्हणजे जादा जिप्सी, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्या, जंगलात सोडून मिळणारं उत्पन्न आपण उद्याच्या बछड्यांच्या जिवावर काढतो.

२०१२ पासून व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राच्या, म्हणजे आतल्या सर्वात संरक्षित जंगलाच्या, जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटनाला मुभा आहे. तरी ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात गोठणगावजवळ जिप्सींनी वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. नियम कागदावर होतेच.

मला पेंचमधला एक वेगळा प्रयोग जास्त आश्वासक वाटतो. जानेवारी २०२४ मध्ये पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश कृत्रिम उजेडापासून जपणारं क्षेत्र, ठरलं. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला. याचा फायदा निशाचर प्राण्यांनाही होतो. तारे बघायला आलेल्याला जिप्सी पळवावी लागत नाही, रात्री मुक्काम मात्र करावाच लागतो. तो गावातल्या घरी व्हायचा, तर होमस्टेसाठी परवाना आणि कर्ज गावकऱ्याला रिसॉर्टवाल्याच्या आधी मिळायला हवं.