नाणं उलटं पडलं असतं तर: अमेरिकन फुटबॉलमधल्या जर-तरची पार्श्वभूमी

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणून आपण जर-तरचा विषय पटकन मिटवून टाकतो. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची मुख्य व्यावसायिक लीग, बघणारे लोक मात्र तो मिटवत नाहीत, पन्नास पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या चेंडूवर अजून वाद घालतात, कोण कुठे गेला असता, कोणता संघ कोणत्या शहरात असता, कुणाला किती ट्रॉफ्या मिळाल्या असत्या याची अख्खी वंशावळ मांडतात. मला हा प्रकार मनापासून आवडतो. आणि तो याच खेळात एवढा का फोफावला याचं कारण त्या लीगच्या इतिहासातच आहे, नुसत्या चाहत्यांच्या हौसेत नाही.

वरवरचं कारण सोपं आहे. बेसबॉलला सीझनमध्ये १६२ मॅचेस, बास्केटबॉलला ८२, आणि प्लेऑफमध्येही, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, एकाच संघाशी सात-सात मॅचेसची मालिका. एनएफएलमध्ये आत्ता १७, आधी १६, त्याआधी १४ होत्या, आणि प्लेऑफ म्हणजे एकच मॅच, हरलात की घरी. त्यात चेंडू लांबट, जमिनीवर पडला की कुठे उडेल ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणजे नशिबाला मोकळं रान. पण खरं कारण याच्या खाली आहे, या लीगने स्वतःच ठरवून सगळ्या संघांना एका पातळीवर आणून ठेवलंय, आणि सगळे सारखेच झाले की मग एका चेंडूने, एका नाण्याने, एका डॉक्टरी रिपोर्टने निकाल फिरतो.

याची सुरुवात बर्ट बेलपासून. फिलाडेल्फिया ईगल्सचा हा मालक, संघ सतत हरणारा, खिशात पैसा नाही, आणि कॉलेजातून बाहेर पडणारे चांगले खेळाडू सगळे शिकागो बेअर्स नाहीतर न्यूयॉर्क जायंट्सकडे जायचे कारण तिथे पैसा आणि नाव दोन्ही होतं. १९३५ साली त्याने बाकीच्या मालकांपुढे मांडलं की कॉलेजच्या खेळाडूंची यादी करू आणि जो संघ शेवटचा आला त्याला पहिली निवड देऊ. गंमत म्हणजे श्रीमंत मालकांनीही ते मान्य केलं, कारण एकतर्फी मॅचेसना तिकिटं खपत नाहीत हे त्यांनाही कळत होतं. फेब्रुवारी १९३६ मध्ये अशी पहिली निवड, म्हणजे पहिला ड्राफ्ट, झाला, पहिली निवड ईगल्सची, जे बर्वांगर. त्याचं पगारावरून कुणाशीच जमलं नाही म्हणून तो एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही. म्हणजे ड्राफ्टची पहिलीच निवड एक जर-तर होऊन बसली.

नंतर १९६१ मध्ये कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, पीट रोझेल यांच्या प्रयत्नांनी अमेरिकेच्या संसदेत कायदा झाला आणि टीव्हीचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटायला सुरुवात झाली, म्हणून तर ग्रीन बेसारखं लाखभर वस्तीचं गाव न्यूयॉर्कशी बरोबरी करत राहिलं. १९९४ ला पगारावर कमाल मर्यादा आली. झालं, आता पैशाच्या जोरावर कायमचं वर राहणं अवघड.

यात माझा सगळ्यात आवडता जर-तर मैदानावरचा नाहीच, तो एका नकाराचा आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी टेक्सासच्या तेलवाल्या घराण्यातला लमार हंट नावाचा पंचविशीतला मुलगा शिकागो कार्डिनल्स हा संघ विकत घेऊन डॅलसला न्यायचा म्हणून खटपट करत होता. मालक कंट्रोल सोडायला तयार नव्हते. हंट परत येताना विमानात बसला आणि त्याच्या डोक्यात आलं की आपल्यासारखे बाकीचेही ग्राहक नकार घेऊन परत गेले असतील, मग त्यांना एकत्र करून आपलीच लीग का काढू नये. १९६० मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग, म्हणजे एएफएल, आठ संघांनी सुरू झाली. मालकांनी त्या दिवशी हो म्हटलं असतं तर एएफएल नाही, एएफएल नाही तर १९६६ चा विलीनीकरणाचा करार नाही, आणि दोन लीगच्या विजेत्यांची शेवटची मॅच, जिला पुढे सुपर बोल हे नाव पडलं, तीही नाही. ते नावसुद्धा हंटनेच सुचवलेलं.

एनएफएलने लगेच उलटा डाव टाकला, डॅलसला काउबॉइज हा संघ दिला आणि एएफएलमध्ये यायला निघालेल्या मिनेसोटाला स्वतःकडे ओढून घेतलं. एएफएलमध्ये एक जागा रिकामी झाली. ती जागा ओकलंडला गेली आणि त्यातून रेडर्स जन्मले. हे रेडर्स लक्षात ठेवा, कारण पुढे या खेळातले दोन सगळ्यात गाजलेले जर-तर त्यांच्याच नशिबी आले.

आता नाण्याकडे येतो. १९६९ च्या सीझनमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स आणि शिकागो बेअर्स दोघेही १४ पैकी फक्त एक मॅच जिंकले. तळाला बरोबरी, मग पहिली निवड कुणाची? जानेवारी १९७० मध्ये न्यू ऑर्लीन्सला सुपर बोलच्या आठवड्यात नाणं उडवलं, बेअर्सनी हेड्स म्हटलं, पडलं टेल्स. स्टीलर्सनी क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, टेरी ब्रॅडशॉ घेतला आणि पुढे १९७४ ते १९७९ या सहा सीझनमध्ये चार सुपर बोल जिंकले. बेअर्सनी आपली दुसरी निवड तीन खेळाडूंच्या बदल्यात ग्रीन बेला देऊन टाकली, त्या तिघांतलं कुणी शिकागोत टिकलं नाही.

आणि यातली खरी मेख बघा, बेअर्सनी त्या वर्षी जी एकमेव मॅच जिंकली ती स्टीलर्सविरुद्धच, ३८-७ अशी. ती हरले असते तर नाण्याची गरजच पडली नसती, पहिली निवड सरळ त्यांची. म्हणजे एका जिंकण्याने त्यांचं नुकसान झालं. हे वाचून पहिल्यांदा मी थांबलोच होतो.

पण इथे एक सांगायला पाहिजे, कारण बरेच लोक ब्रॅडशॉ शिकागोला नेतात आणि चार ट्रॉफ्याही त्याच्याबरोबर उचलून नेतात. तसं होत नसतं. ब्रॅडशॉचं पहिलं वर्ष वाईट होतं, टचडाऊन, म्हणजे मोठे गुण, देणारे पास ६ आणि समोरच्या संघाने पकडलेले पास, म्हणजे इंटरसेप्शन, २४, १९७४ मध्ये तर कोच चक नोलने त्याला बाकावर बसवलं होतं. त्याला सांभाळून घेणारा नोल पिट्सबर्गला होता, आणि त्याच १९७४ च्या एका ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी स्वॉन, लॅम्बर्ट, स्टॉलवर्थ, वेब्स्टर असे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले चौघे उचलले. ब्रॅडशॉ शिकागोत या सगळ्यांशिवाय असता. उलट असा विचार करा की ब्रॅडशॉमुळे बेअर्स थोडे जरी बरे झाले असते तरी १९७४ ला ते १४ पैकी फक्त चार जिंकून तळाशी गेले नसते, मग १९७५ ला त्यांना चौथी निवड मिळाली नसती, आणि त्या चौथ्या निवडीवर त्यांनी घेतला पुढे शिकागोचा लाडका तारा झालेला वॉल्टर पेटन. पेटनशिवाय बेअर्स? शिकागोच्या माणसाला विचारून बघा नाणं परत उडवायचं का.

मला वाटतं चांगला जर-तर हा असा असतो, एकच गोष्ट बदलायची आणि मग लीगच्या नियमांनी ती जिथे नेईल तिथे जायचं, मनात असेल तिथे नाही.

ब्रॅडशॉचाच दुसरा प्रसंग, २३ डिसेंबर १९७२. प्लेऑफ, रेडर्स ७-६ ने पुढे, २२ सेकंद शिल्लक, स्टीलर्सचा चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न. ब्रॅडशॉने फेकलेला चेंडू स्टीलर्सचाच फ्रेंची फुका आणि रेडर्सचा जॅक टेटम यांच्या धडकेतून उडून मागे आला आणि स्टीलर्सच्या फ्रँको हॅरिसने जमिनीला टेकायच्या आत उचलून थेट टचडाऊन केला, १३-७. तेव्हाचा नियम असा होता की आक्रमण करणाऱ्या एका खेळाडूला लागून आलेला चेंडू मध्ये बचाव करणाऱ्याला न लागता त्याच संघाच्या दुसऱ्याने पकडायचा नाही. म्हणजे चेंडू फुकाला लागला की टेटमला, एवढ्यावर सगळं, आणि रेडर्सच्या बाजूने ते आजतागायत मान्य झालेलं नाही. पुढे १९७८ मध्ये तो नियमच काढून टाकला. गंमत म्हणजे स्टीलर्स पुढच्याच मॅचला मायामीकडून हरले आणि मायामी त्या वर्षी एकही मॅच न हरता १७-० झाले, त्यामुळे इथला जर-तर हा की मायामीची ती गाडी रेडर्सनी अडवली असती का.

मैदानाबाहेरचे प्रसंगही कमी नाहीत. १९८३ ला यूएसएफएल नावाची लीग वसंत ऋतूत सुरू झाली, म्हणजे एनएफएलशी टक्कर नको अशा बेताने, आणि तिच्यात हर्शल वॉकर, जिम केली, स्टीव्ह यंग, रेजी व्हाइट असले तगडे खेळाडू आले. मग न्यू जर्सी जनरल्सचा मालक डोनाल्ड ट्रम्प आणि त्याच्या बाजूचे मालक म्हणायला लागले की लीग शरद ऋतूतच न्यायची, एनएफएलच्या समोर, आणि मक्तेदारीचा खटला घालायचा. जुलै १९८६ मध्ये ज्युरीने सांगितलं की हो, एनएफएल मक्तेदार आहे, नुकसानभरपाई एक डॉलर. कायद्याने तिप्पट होते म्हणून तीन डॉलर. लीग तिथेच संपली. वसंतातच राहिली असती तर? संघ वाढवायची घाई आणि तोटा आधीच फार झाला होता, त्यामुळे ती मोठी झाली असती असं मी म्हणणार नाही, पण अमेरिकेत उन्हाळ्याच्या तोंडावर बघायला एक छोटी टिकाऊ लीग राहिली असती असं मला खरंच वाटतं.

२००६ चा मामला डॉक्टरांच्या रिपोर्टचा. क्वार्टरबॅक ड्रू ब्रीसचा खांदा आदल्या सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये निखळला होता, मायामी डॉल्फिन्सना तो हवा होता पण डॉक्टरांना खांद्याची खात्री वाटेना, त्यांनी दुसरा क्वार्टरबॅक डॉन्टे कल्पेपर घेतला, ज्याच्या स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तो त्या वर्षी चारच मॅच खेळला. ब्रीस कत्रिना वादळाने उद्ध्वस्त झालेल्या न्यू ऑर्लीन्सला गेला, फेब्रुवारी २०१० मध्ये तिथल्या सेंट्स संघाला सुपर बोल जिंकून दिला. मायामीचा कोच निक सेबन जानेवारी २००७ मध्ये अलाबामा युनिव्हर्सिटीला गेला आणि तिथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं. एका खांद्यावर एक शहर, एक प्रो संघ आणि कॉलेज फुटबॉलची सतरा वर्षं फिरली.

आणि मग सगळ्यात मोठं. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ वा निवडलेला. २००१ च्या मार्चमध्ये त्याच्या संघाने, न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी, आपला पहिला क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याला १० वर्षांचा १० कोटी डॉलरहून मोठा करार दिला, त्यामुळे ब्रेडीला जागाच नव्हती. २३ सप्टेंबरला न्यूयॉर्क जेट्सचा मो लुइस ब्लेडसोवर असा आदळला की छातीत आतल्या आत रक्तस्राव झाला. ब्रेडी आत आला आणि जानेवारीत संघ प्लेऑफला.

१९ जानेवारी २००२, फॉक्सबरो, बर्फ पडतोय, समोर रेडर्स, १३-१० ने पुढे. दोन मिनिटांहून कमी वेळ. रेडर्सच्या चार्ल्स वुडसनने ब्रेडीला गाठलं, चेंडू सुटला, रेडर्सनी उचलला, मॅच संपली असं सगळ्यांना वाटलं. मग रिप्ले. रेफरी वॉल्ट कोलमन यांनी बघून सांगितलं की हात पुढे जाताना पासची हालचाल सुरू झाली होती, नंतर चेंडू अंगाकडे ओढताना सुटला तरी नियमाने तो अपूर्ण पासच, म्हणजे चेंडू पेट्रियट्सकडेच. ॲडम व्हिनाटिएरीने बर्फातून ४५ यार्डाची किक मारून बरोबरी केली, जादा वेळेत अजून एक, १६-१३.

या नियमाला टक रूल म्हणायचे, तो आला १९९९ ला. रिप्ले लीगने १९९१ नंतर बंद केला होता, तोही परत आला १९९९ लाच. म्हणजे हीच घटना १९९८ मध्ये घडली असती तर ना नियम होता ना रिप्ले, आणि रेडर्स आरामात पुढे. आणि ज्या २३ सप्टेंबरच्या मॅचमध्ये ब्लेडसो जखमी झाला, त्याच मॅचमध्ये जेट्सच्या क्वार्टरबॅकचा सुटलेला चेंडू पेट्रियट्सनी उचलला होता आणि याच नियमाने तो त्यांच्याकडून काढून घेतला होता. म्हणजे पेट्रियट्सचा कोच बेलिचिक याला नियम चांगला ठाऊक होता.

लोक इथून ब्रेडीची सातही विजेतेपदं पुसून टाकतात, ते मला पटत नाही. ब्रेडी तोवर संघाचा नंबर एक झालेला होता, तो तसाही राहिलाच असता. फरक जास्त रेडर्सना पडला. महिन्याभरात त्यांचा कोच जॉन ग्रूडन टॅम्पा बेला गेला, बदल्यात चार ड्राफ्ट निवडी आणि ८० लाख डॉलर, आणि पुढच्याच वर्षी सुपर बोलमध्ये समोर कोण, तर टॅम्पा आणि रेडर्स. ग्रूडनला जुन्या संघाची सगळी चाल ठाऊक. ४८-२१. ती बर्फातली मॅच जिंकली असती तर ग्रूडनला सोडायला मालक अल डेव्हिस तयार झाला असता का, हा माझ्या मते यातला खरा प्रश्न.

टक रूल लीगने २०१३ च्या मार्चमध्ये रद्द केला. २९ संघ बाजूने. विरोधात एकच मत, पिट्सबर्ग स्टीलर्सचं. वॉशिंग्टन आणि पेट्रियट्स यांनी मतच दिलं नाही.