अंडे, कडक उकडलेले

कवचासह पाण्यात उकळून पांढरा भाग व बलक दोन्ही पूर्ण घट्ट केलेले कोंबडीचे अंडे. इंदूरच्या मराठी घरांत ते रश्श्यात सोडतात, प्रवासाच्या डब्यात देतात किंवा मीठ-मिरपूड लावून तसेच खातात. जेथे घरातील काही माणसे शाकाहारी आहेत तेथे अंड्याचे पातेले बहुधा वेगळे असते.

कोंबडी प्रथम कोठे माणसाळली, याविषयी मतभेद आहेत. सिंधू खोऱ्यात, इ. स. पू. सुमारे २००० मध्ये, हे मत दीर्घकाळ रूढ होते. २०२० मधील जनुकीय अभ्यासाने मात्र नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यातील लाल रानकोंबड्याची एक उपजात मुख्य पूर्वज ठरवली. थायलंडमधील बान नॉन वाट येथील हाडांवरून इ. स. पू. सुमारे १६५० ते १२५० हा काळ २०२२ मध्ये सुचवण्यात आला. हे मत अधिक ग्राह्य दिसते. तरीही भारताचा वाटा उरतोच. पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक दख्खनसह भारतीय द्वीपकल्पातील करड्या रानकोंबड्याकडून आले असावे, असे २००८ मध्ये दाखवले गेले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कोंबडा, मोर, चिमणी इत्यादींची अंडी खोकला, क्षत (जखम) व हृद्रोग यांत हितकर म्हटली आहेत. ती कशी शिजवावीत याचा तपशील तेथे येत नाही.

अंडे घट्ट होते ते प्रथिने गोठल्यामुळे. पांढऱ्या भागातील ओव्होट्रान्सफेरिन सुमारे ६१° से.ला गोठू लागते. निम्म्याहून अधिक वाटा असलेले ओव्हाल्ब्युमिन ८०° से.च्या पुढे गोठते. बलक ७०° से.च्या आसपास घट्ट होतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवर असल्याने तेथे पाणी साधारण ९८° से.ला उकळते, बडोद्यात जवळजवळ १००° से.ला. त्यामुळे बडोद्याला दहा मिनिटे लागणाऱ्या अंड्याला इंदुरात हिशेबाने अर्ध्या मिनिटाच्या आसपास जास्त लागते. फ्रीजमधून थेट पातेल्यात टाकलेल्या अंड्याला त्याहून कितीतरी अधिक, म्हणजे दहा मिनिटांमागे सुमारे अडीच मिनिटे वाढवावी लागतात. पाककृतींत याचा उल्लेख क्वचितच असतो. तो असायला हवा. खोलीच्या तापमानाचे मध्यम अंडे उकळत्या पाण्यात अलगद सोडून मध्यम आचेवर ११-१२ मिनिटे ठेवल्यास बलक मधोमधपर्यंत शिजतो.

ताज्या अंड्याचे टरफल निघता निघत नाही. पांढऱ्याचे लचके त्याबरोबर येतात. कोंबडीने अंडे घातल्यावर कवचाच्या हजारो छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढऱ्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) सुमारे ७.६ वरून ९ च्या पुढे जातो आणि आतील पडद्याची पकड सैल होते. उन्हाळ्यात ही क्रिया झपाट्याने होते, म्हणून फ्रीजबाहेरचे मे महिन्यातले अंडे चार-पाच दिवसांतही सहज सोलले जाते. परंतु त्याच वाढलेल्या पीएचमुळे बलकाभोवती हिरवट-करडे कडे लवकर धरते. पांढऱ्यातील गंधकापासून बनलेला हायड्रोजन सल्फाइड व बलकातील लोह यांचे ते फेरस सल्फाइड होय. ते अपायकारक नाही, फक्त दिसायला वाईट. वेळ संपताच अंडी गार पाण्यात टाकली की ते बहुतेक टळते. मुंबईकडे असो वा माळव्यात, पाण्यात मीठ घालण्याचे कारण टरफल सुटावे असे सांगतात. मिठाचा खात्रीचा उपयोग एवढाच की तडकलेल्या अंड्यातून बाहेर येणारा पांढरा भाग लवकर गोठतो.

इंदूरच्या पश्चिमेकडील झाबुआची कडकनाथ कोंबडी काळ्या मांसासाठी प्रसिद्ध आहे (भौगोलिक मानांकन, २०१८). तिचे अंडे मात्र काळे नसून फिकट बदामी व आकाराने लहान असते, त्यामुळे त्याला एखादे मिनिट कमी पुरते.

उकडलेली अंडी टरफलासह फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि पारा ३२° से.च्या वर असताना एका तासापेक्षा जास्त नाही.